थेट धंतोली, की आधी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी?

संडासातून रक्त जातंय, पोटाची घडी बिघडली आहे, हिमोग्लोबिन उतरलंय. अशा वेळी नागपुरात दोन वाटा असतात: धंतोली-रामदासपेठेतल्या पोटविकारतज्ज्ञांकडे थेट नंबर लावायचा, किंवा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घेऊन जायचं. बाबांच्या वेळी आम्ही दोन्ही करून पाहिलं.

थेट जाण्याचा फायदा खरा आहे. मूळव्याधीच्या मलमात महिने जात नाहीत. चाळिशीच्या आतल्यांना तर ‘या वयात कॅन्सर कुठला’ असं ऐकावं लागतं, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर आता त्या वयातही वाढतो आहे.

पण एका गोष्टीने मला फार छळलं. फोनवर नाव, वय, मोबाईल नंबर विचारतात. होतंय काय, हे कुणी विचारत नाही. गॅसेसवाला आणि रक्त जाणारा एकाच रांगेत. तारीख इतकी लांबची मिळाली, की बाबा म्हणाले, ‘म्हणजे घाईचं काही नसेल.’ मग फॅमिली डॉक्टरांनी बोटाने तपासलं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) करवलं. चिठ्ठीत लोह कमी, वजन घटलेलं, दुर्बीण तातडीने, असं स्पष्ट लिहिलं आणि स्वतः फोनही केला. त्याच आठवड्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. तज्ज्ञ तेच, दवाखाना तोच.

ब्रिटनमध्ये पॉडकास्टर डेबोरा जेम्स २०२२ साली चाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेल्या. त्यांनी केलेल्या जागृतीनंतर तपासणीसाठी पुढे पाठवलेल्यांची संख्या खूप वाढली. सगळ्यांचीच दुर्बीण लगेच कशी होणार? म्हणून २०२३ पासून तिथे बहुतेकांची आधी ‘फिट’ (FIT) ही शौचाची चाचणी करतात. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात मोजलं जातं. एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन आलं, की तातडीने पुढे. ही चाचणी आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्येही होते, म्हणून डॉक्टरांना विचारून पाहावं. गुदद्वाराशी गाठ लागत असेल, तर मात्र ‘फिट’साठी थांबू नये.

प्रत्येकाचा अनुभव वेगळा असेल, पण मला विचाराल तर चिठ्ठी घ्या. डॉक्टर न तपासताच ‘मूळव्याध आहे’ म्हणाले, तर त्याच दिवशी धंतोली गाठा, आणि फोनवर कुणी विचारलं नाही तरी रक्ताचं आधी सांगा.