१८८४ चा मॉर्गन डॉलर: आठ महिने बाळगल्यानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी न्यू जर्सीतील एका विक्रेत्याकडून मी १८८४ सालचा मॉर्गन डॉलर, म्हणजे मॉर्गन या कोरीवकाराने आराखडा केलेले अमेरिकेचे चांदीचे एक डॉलरचे नाणे, घेतला. पाकिटावर ‘न वापरलेले’ अशी चिठ्ठी होती, आणि इतके जुने नाणे म्हटल्यावर चार पैसे जास्त गेले तरी बिघडत नाही, असा माझा हिशेब होता. तो कसा चुकला हे घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल.

नाणे देखणे आहे, यात वाद नाही. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि बाकी तांबे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २४ ग्रॅम, आपल्या दोन तोळ्यांहून किंचित अधिक. तेवढ्या चांदीचा भाव कुठेही मिळतो. त्याहून जास्त जे मिळायचे ते वयामुळे मिळत नाही, हे मला उशिरा कळले.

मागच्या बाजूला गरुडाभोवतीच्या पानांच्या माळेची जिथे गाठ आहे, तिच्याखाली टांकसाळीचे अक्षर असते. माझ्या नाण्यावर ‘ओ’ आहे, म्हणजे न्यू ऑर्लिन्स. तिथे त्या वर्षी ९७ लाखांहून अधिक डॉलर पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत ३२ लाख, तर कार्सन सिटीत जेमतेम ११ लाख ३६ हजार. यावरून कार्सन सिटीचे कोरे नाणे सर्वांत दुर्मिळ असेल असे वाटते, पण त्यातली साडेनऊ लाखांहून अधिक नाणी सरकारी तिजोरीतच पडून राहिली आणि १९७० च्या दशकात सरकारने ती लोकांना विकली. सॅन फ्रान्सिस्कोची मात्र बाजारात फिरून झिजली. त्यामुळे तिथले झिजलेले नाणे साध्या किमतीत मिळते आणि कोऱ्याला संग्राहक कैक पटींनी पैसे मोजतात. शिवाय १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी गेली. (आजोबांच्या डब्यातल्या तेव्हाच्या रुपयात एखादा डॉलर विरघळलेला असेलही!) त्यामुळे किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली, हेच पाहावे लागते.

माझ्या नाण्याची गोची अवस्थेतच निघाली. कोरे नाणे दिव्याखाली कडेला धरून हळूहळू कलते केले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. माझ्या नाण्यावर प्रकाश एकसारखा, मंद पसरतो, आणि दहापट भिंगातून पुढच्या बाजूवरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावर एकाच दिशेने गेलेले केसाएवढे ओरखडे दिसतात. कोणीतरी ते कधीतरी घासून चकचकीत केले आहे. दोन दुकानांत दाखवले. दोघांनीही चांदीच्या भावाच्या जरासेच वर सांगितले. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे कळवले, आणि तिथेच तो विषय मिटला.

मध्यंतरी आई इथे राहायला आली असता तिने नाणे पाहून विचारले, “केवढे काळवंडले आहे रे, दंतमंजनाने घासून देऊ का?” आपल्याकडे दिवाळीला चांदीची भांडी उजळतात त्याच मायेने ती म्हणाली होती. तिला समजावले की कडेला चढलेली ही तपकिरी छटा संग्राहकांना खटकत नाही, घासण्याची खूण मात्र कधीच जात नाही. तिला ते काही पटले नाही.

एक तक्रार पाकिटाचीही आहे. मऊ प्लास्टिकमुळे चौथ्या महिन्यात किनारीवर हिरवट चिकट थर आला, म्हणून नाणे आता टणक, हवाबंद डबीत आहे. नवीन घेणाऱ्याने पाकीट पहिल्याच दिवशी बदलावे, आणि चिठ्ठीवर विसंबण्याऐवजी दुकानातच दिवा व भिंग मागून घ्यावे. मी हे नाणे विकणार नाही. दिलेल्या पैशांत ते महाग पडले, पण हातात घेतल्यावर जड, थंड आणि छान वाटते.