क्रॉन की सिस्टिमडी टायमर: रात्रीची कामं कोणावर सोपवावीत?

नवीन सर्व्हर उभा राहिला की रात्रीच्या बॅकअपचा प्रश्न येतोच. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारा जुना प्रोग्राम, क्रॉनटॅब ही त्याची कामांची यादी. सिस्टिमडी ही बहुतेक लिनक्सवर सेवा सांभाळणारी प्रणाली, टायमर ही तिची तशीच सोय. मग क्रॉनटॅबमध्ये ओळ टाकावी की टायमर लिहावा? बरीच वर्षं माझं सगळं क्रॉनवर होतं. आता बहुतेक कामं टायमरवर नेली आहेत, पण क्रॉन टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही.

क्रॉनचं सुख म्हणजे ती एक ओळ. वेळेचे पाच रकाने आणि कमांड, संपलं. बीएसडीवर किंवा सिस्टिमडी नसलेल्या अल्पाइन लिनक्सवरही तीच सवय कामी येते. टायमरसाठी दोन फायली लिहायच्या (वेळ सांगणारा टायमर आणि काम करणारी सर्व्हिस), सिस्टिमडीला त्या वाचायला लावणारं डीमन-रीलोड करायचं, मग टायमर इनेबल करून सुरूही करायचा. नुसता इनेबल केला तर मशीन रीबूट होईपर्यंत तो हलत नाही. पहिल्या आठवड्यात याचा कंटाळा येतो, हे खरं.

तरी मी बाजू बदलली, ती एका गोष्टीमुळे. क्रॉन काम सुरू केल्याची नोंद ठेवतो, काम पार पडलं का हे त्या नोंदीत नसतं. आमच्या एका सर्व्हरवर बॅकअपच्या टूलची नवी आवृत्ती टाकताना ती /यूएसआर/लोकल/बिनमध्ये गेली आणि जुनी काढली. टर्मिनलवर चालवून पाहिलं, उत्तम चाललं. क्रॉनच्या पाथमध्ये, म्हणजे तो कमांड जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, मात्र फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन होतं. लॉगमध्ये रोज रात्री २ वाजता कमांडची ओळ यायची, म्हणून मी निर्धास्त. कामाने छापलेले संदेश क्रॉन मेलने पाठवतो, पण मेल पाठवणारं काही सर्व्हरवर नव्हतंच, त्यामुळे ‘कमांड सापडली नाही’ हा संदेश टाकून दिला जात होता. संदेश टाकून दिल्याची ओळही लॉगमध्ये होती, पण ती इतर कामांसाठीही रोज यायची आणि नजर तिला सरावली होती. एक फाइल परत आणायची वेळ आली तेव्हा शेवटचा बॅकअप ३ आठवड्यांपूर्वीचा निघाला. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

टायमरवरचं काम असं फसलं असतं तर सिस्टिमसीटीएल स्टेटस या कमांडमध्ये लाल अक्षरात ‘फेल्ड’ आणि चुकीचा कोड दिसला असता, संदेश जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये, त्या सर्व्हिसच्याच नावाखाली सापडला असता. लिस्ट-टायमर्स म्हटलं की मागची आणि पुढची वेळ एका नजरेत कळते. ऑनफेल्युअर या सेटिंगमध्ये, काम फसलं की कळवणारी सर्व्हिस जोडता येते, अर्थात ती आपणच लिहायची. कमांडभोवती रॅपर स्क्रिप्ट लिहून क्रॉनकडूनही हे करवून घेता येतं. मी तेही केलं होतं, पण प्रत्येक सर्व्हरवर ते रॅपर सांभाळत बसणं मला जड गेलं.

बाकीचे फायदे माझ्यासाठी दुय्यम. आधीची फेरी संपली नसेल तर टायमर दुसरी सुरू करत नाही. क्रॉनमध्ये त्यासाठी फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड लावावी लागते. टायमरमध्ये पर्सिस्टंट हे सेटिंग लावलं की मशीन बंद असताना चुकलेलं काम चालू झाल्यावर होतं. पन्नास सर्व्हर एकाच स्टोरेजवर तुटून पडू नयेत म्हणून सुरुवात थोडी मागेपुढे करणारं रँडमाइज्डडिलेसेक आहे.

अनेक सर्व्हर एकदम मांडून देणाऱ्या अन्सिबल या टूलमध्ये क्रॉनचं मॉड्यूल सोपं आहे, टायमरला टेम्प्लेट लिहावे लागतात. मात्र क्रॉनच्या टास्कचं नाव कोणी बदललं तर जुनी ओळ तशीच राहते आणि काम दोनदा चालतं.

दोन-चार सर्व्हर असतील, कामं किरकोळ असतील, तर क्रॉनवरच राहा. निदान मेल कुठे जाते ते आज तपासा. पण ज्या कामाच्या अपयशाने तुमची झोप उडेल ते टायमरवर न्यावं, असं मला वाटतं. सुरुवात बॅकअपपासून करा, आणि ऑनकॅलेंडरची, म्हणजे टायमरची वेळ सांगणारी ओळ आधी सिस्टिमडी-ॲनालाइझ कॅलेंडर या कमांडला देऊन पाहा. पुढची वेळ नेमकी कोणती ते ते लगेच सांगतं.