अल्ब्युमिन 20% (100 मिलीची बाटली) : महाग आहे, पण योग्य पेशंटला खरंच उपयोगी

बाबांना लिव्हर सिरॉसिस (लिव्हर खराब होऊन कडक होण्याचा आजार) आहे, पोटात पाणी भरतं, ते काढलं की डॉक्टर हे सलाईनमधून लावतात म्हणून लिहितेय. एका बाटलीत 20 ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) असतं, माणसाच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ भागापासून) बनवलेलं, आणि 60 डिग्रीला 10 तास तापवून व्हायरस मारतात त्यामुळे घरच्यांची भीती बरीच कमी झाली.

मला आधी वाटायचं हे फक्त पाणी रक्तात धरून ठेवतं. पण ते बॅक्टेरियाचे विषारी तुकडे, बिलिरुबिन (कावीळीत वाढणारा पिवळा पदार्थ) असं बरंच काही स्वतःला चिकटवून घेतं, अँटीऑक्सिडंटचं कामही करतं, म्हणून सूज आणि इन्फेक्शनच्या बाबतीत डॉक्टर लोकांना यात इतका रस आहे. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिकसोबत हे दिल्याने किडनी वाचते हे 1999 च्या स्पॅनिश अभ्यासात दिसलं होतं. पण सिरॉसिसच्या ॲडमिट पेशंटला रोज देऊन रक्तातली अल्ब्युमिनची लेव्हल वाढवत ठेवण्याचा फायदा 2021 च्या ब्रिटिश अभ्यासात दिसला नाही, उलट फुफ्फुसात पाणी होण्याचा त्रास जास्त झाला. म्हणून अशक्तपणा आहे, लावा एक बाटली, असं कोणी म्हणालं तर प्लीज ऐकू नका.

बाबांना 5 लिटरच्या वर पाणी काढलं की प्रत्येक लिटरमागे साधारण 8 ग्रॅमच्या हिशोबाने देतात, नंतर बीपी नीट राहतं आणि चक्कर येत नाही. किंमत मात्र फार टोचते, दुकानादुकानात फरक पडतो, चार ठिकाणी विचारा, एक्स्पायरी बघा आणि बाटली गढूळ दिसली तर सरळ परत करा.