कोळंबी, नवसागर की बाटली? खाऱ्या पाण्याची टाकी मुरवताना

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली, पंप सुरू केला, की दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं दिसतं. फसगत इथेच होते. मासा कल्ल्यांतून विषारी अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं बरंच कमी घातक नायट्रेट. नव्या टाकीत दोघांचीही वस्ती नसते. गोड्या पाण्यात पीएच ७.२ असेल तर थोडी चूक खपून जाते. समुद्राच्या पाण्याचा पीएच मात्र ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून आधी जिवाणू, मग मासे. शौकीन मंडळी याला 'टाकी सायकल करणं' म्हणतात. मला 'मुरवणं' हा शब्द बरा वाटतो, कारण लोणच्यासारखीच इथेही घाई चालत नाही.

डॅमसेल नावाचे छोटे समुद्री मासे सोडून टाकी मुरवायची जुनी रीत आहे, ती सरळ सोडून द्या. मासा चिवट असतो म्हणून जगतो, पण कल्ले भाजून घेतो. वर पुढे तोच टाकीचा दादा होतो आणि सगळे दगड उपसल्याशिवाय हाती लागत नाही.

लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंसकट समुद्रातून आलेला दगड, ही परदेशातली आवडती वाट. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. आपण कोरडा, कृत्रिम दगड घ्यावा. म्हणजे जिवाणू कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच.

माझी पहिली टाकी मी कोळंबीने मुरवली. बाजारातून एक कच्ची कोळंबी आणायची, जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडायची, ती कुजते, अमोनिया सुटतो, आणि त्यावर जिवाणू हळूहळू वाढतात. खर्च जवळजवळ शून्य. पण किती अमोनिया सुटेल ते कोळंबीच्या मर्जीवर. माझं पाणी आधी दुधाळ झालं, मग घरात असा वास सुटला की पाहुण्यांना बाल्कनीत बसवावं लागलं. टाकी मुरली, पण माप माझ्या हातात कधीच नव्हतं.

नवसागराचं तसं नाही. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा नवसागरच! तो कल्हईचा खडा मात्र टाकीत घालू नका, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. प्रयोगशाळेच्या दर्जाची पावडर घ्या. ६ ग्रॅम पावडर एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवली की त्यातलं १०० मिली द्रावण १०० लिटरच्या टाकीला पुरतं. अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) जवळ जातो. वास नाही, घाण नाही. अतिउत्साहाने ५ पीपीएमच्या वर नेलंत तर जिवाणूंचीच वाढ खुंटते. उणी बाजू म्हणजे वेळ: नुसत्या नवसागरावर महिना-दीड महिना सहज जातो.

बाटलीतले जिवाणू हा वेळ वाचवतात, बाटलीत ते जिवंत असतील तर. नायट्रिफाय करणारे जिवाणू बीजाणू करून झोपी जात नाहीत. उन्हात तापलेल्या बाटलीत ते मरतात. मे महिन्यात कुरिअरने आलेली माझी एक बाटली हातात धरवत नव्हती. ती ओतली आणि तीन आठवडे अमोनिया जागचा हलला नाही. दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेली, मुदतीतली आणि खाऱ्या पाण्यासाठीचीच बाटली मिळत असेल तरच पैसे घाला. ओतल्यावर काही दिवस जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, पण पाणी ढवळतं हवं. या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो.

बाटली आली तरी नवसागर सुटत नाही. जिवाणूंना खायला काहीतरी हवंच ना! म्हणून खरी निवड 'नवसागर की बाटली' अशी नाहीच. नवसागरासोबत बाटली घ्यायची की नाही, एवढीच आहे. आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी खारी टाकी असेल तर मी बाटलीही घेणार नाही. त्यांच्या फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा मूठभर मागून, त्याच पाण्यात बुडवून घरी आणेन. नुसतं पाणी आणून फायदा नाही, जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात. फक्त त्या टाकीतला रोगही सोबत येऊ शकतो, तेव्हा मालक किती काळजी घेतो ते बघून मागा.

कोळंबी कुणी निवडावी? पावडर मिळत नसेल आणि घरच्यांची नाकं बंद असतील, त्याने.

टाकी मुरली हे तारखेवरून नाही, टेस्ट किटवरून ठरवा. अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या, २४ तासांनी परत मोजा. शून्य आला तर काम झालं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना तितकं बाधत नाही, तरी मी तेही शून्य होईपर्यंत थांबतो. मग साठलेलं नायट्रेट काढायला निम्मं पाणी बदला आणि पहिल्या खेपेला मासा एकच आणा. उरलेला नवसागर मात्र स्वयंपाकघरातल्या मिठा-साखरेपासून लांब, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा.