विषांच्या बाटल्यांच्या सहवासात: अगाथा ख्रिस्ती यांचे आत्मचरित्र

इंग्रजी रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी हे आत्मचरित्र १९५० साली इराकमधील निमरुद येथे, उत्खननाच्या जागेवरील एका लहानशा खोलीत लिहावयास घेतले आणि १९६५ साली इंग्लंडमध्ये पूर्ण केले. ते प्रकाशित मात्र त्यांच्या निधनानंतर, १९७७ साली झाले. रहस्यकथा कशी रचावी हे शिकण्याच्या उद्देशाने ते उघडणाऱ्याची थोडी निराशा होईल, कारण इंग्लंडमधील टॉर्की या गावच्या बालपणात लेखिका फार रमल्या आहेत आणि कादंबऱ्यांविषयी त्या त्रोटकच बोलतात.

पुस्तकाचा खरा प्राण मला पहिल्या महायुद्धाच्या काळात आढळला. टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि नंतर औषध विभागात काम करताना, गावातील ज्या औषधनिर्मात्याकडे त्या शिकावयास जात, त्याने एकदा दशांश चिन्हाची चूक करून घातक प्रमाणाचे औषध तयार केले. त्याला ही चूक सांगितली तरी तो मान्य करणार नाही हे ओळखून, ख्रिस्ती यांनी अडखळल्याचे निमित्त करून ते औषध खाली पाडले आणि त्यावर घट्ट पाय रोवला. हाच गृहस्थ खिशात क्युरारे या विषाचा खडा बाळगत असे, कारण त्यामुळे आपल्याला सामर्थ्यवान वाटते, असे तो सांगे. अशी माणसे इतक्या जवळून पाहिल्यावर, भोवती विषांच्या बाटल्या असताना त्यांना पहिली रहस्यकथा सुचली यात नवल नाही. आणि टॉर्कीत आलेल्या बेल्जियन निर्वासितांमुळे नायकही बेल्जियन ठरला. १९२० साली प्रकाशित झालेल्या त्या कादंबरीतील विषाच्या अचूक हाताळणीची औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने प्रशंसा केली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

डिसेंबर १९२६ मध्ये ख्रिस्ती स्वतः ११ दिवस बेपत्ता झाल्या होत्या, त्याविषयी मात्र पुस्तकात एक शब्दही नाही. आईचा मृत्यू आणि पहिल्या पतीने दुसरीच्या प्रेमात पडून घटस्फोट मागणे, हे दुःख त्या संयमाने सांगतात आणि पुढे जातात. चरित्र म्हणून ही उणीव आहेच, तरीही ते मौन मला आदरणीय वाटते. ज्या घटनेवर वृत्तपत्रांनी इतके लिहिले, ती स्वतःजवळ ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

शेवटच्या भागातील निमरुदची पाने विशेष लक्षपूर्वक वाचावीत. पुरातत्त्वज्ञ असलेले दुसरे पती मॅक्स मॅलोवन उत्खनन करीत असताना, ख्रिस्ती तेथे सापडलेल्या प्राचीन हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतील माती विणकामाच्या बारीक सुईने काढीत आणि त्यासाठी स्वतःच्या चेहऱ्याला लावायचे क्रीम वापरीत.