बार्शी लाइटचं इंजिन सांगून मला भलतंच इंजिन विकलं

गेल्या मार्चमध्ये बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेच्या इंजिनाच्या मॉडेलपायी माझे १४,५०० रुपये गेले. ते बाजूला टाकायला मला दीड वर्ष लागलं होतं. रेल्वेची मॉडेल्स करणारे आपल्याकडे मोजकेच, त्यात नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाड्यांची, करणारे आणखी कमी. ज्यानं मला फसवलं त्याची विक्री अजून चालू आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

मी राहतो सोलापुरात होटगी रोडला, माझं आजोळ बार्शी. लहानपणी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि बार्शी लाइटच्या बुटक्या डब्यात चढायचं, ही सुट्टीची खरी सुरुवात. ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं गणित. त्यामुळे इंजिन दमदार हवं तर त्याला चाकंही जास्त लागणार. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेलं इथलं 'ए' वर्गाचं इंजिन ०-८-४ होतं. हे आकडे दोन्ही बाजूंच्या चाकांचे; एका बाजूनं मोजलं तर पुढे छोटं चाक नाही, मग चार मोठी चाकं आणि मागे दोन छोटी. मी ते प्रत्यक्ष पाहिलं नाही, आजोबांच्या तोंडून ऐकलं. त्याचं मॉडेल करायचं हे मी फार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

त्याआधी नऊ वर्षं मी प्लॅस्टिकची विमानं करत होतो. पहिल्या विमानावर डिंकाचे ओघळ होते, ब्रशच्या रेघा होत्या. पुढे एअरब्रश घेतला, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यानं त्याचाही धडा दिला. एप्रिलमध्ये दुपारी फवारलात तर रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर भुरभुरीत पावडर बसते. मी पहाटे पाच वाजता रंगवतो, थिनर थोडं जास्त घालून. हे एवढं जमल्यावरच इंजिनाला हात घालायचं धाडस झालं.

ओळखीच्या एका गटात विकायच्या एका मॉडेलचा फोटो आला. बार्शी लाइटचं 'ए' वर्गाचं इंजिन, १:८७ (खऱ्यापेक्षा ८७ पट लहान), रेझिनची बॉडी, चाकांना जोडणारे पितळी दांडे, ९ मिलिमीटरच्या रुळावर चालणारं. हिशोब बरोबर होता: ७६२ ला ८७ नं भागलं की ८.७६ येतात, म्हणून या मापाची नॅरोगेज ९ मिलिमीटरच्या रुळावर चालवतात. ज्याला एवढं कळतं त्याला इंजिनही कळत असणार, असं मी गृहीत धरलं. माझी पहिली चूक तिथे झाली.

विक्रेत्याचं फोनवर बोलणं गोड. "काका, शेवटची दोनच राहिलीत. बार्शीचे म्हणून तुमच्यासाठी ठेवतो." आधी ८,००० मागितले. आठवड्यानं पितळी भागांसाठी आणखी ६,५००. पैसे घेणाऱ्या खात्यावर वेगळंच नाव दिसलं, तर म्हणे बायकोचं खातं. मी खालच्या बाजूचा फोटो मागितला, शेजारी पट्टी ठेवून. तो म्हणाला, पॅकिंग झालंय. प्रत्येक फोटो समोरून, तिरका, चाकं सावलीत. ते मला दिसत होतं. पण मी इतकी वर्षं वाट पाहिली होती, म्हणून दिसूनही सोडून दिलं.

पार्सल आलं. डबा उघडताच रेझिनचा उग्र वास. नीट पक्कं न झालेलं रेझिन बोटाला चिकटतं, तसं ते चिकटत होतं. असं काही हातात आलं तर आधी हातमोजे घाला. बॉयलरवर थ्रीडी प्रिंटच्या थरांच्या पायऱ्या नखाला लागत होत्या. 'पितळी' दांड्यावर सुई ओढली, तर सोनेरी रंगाचा तवंग सुटला आणि खालून करडं प्लॅस्टिक वर आलं.

तरी म्हटलं, घासून सुधारू. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, दोन्ही पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही. दोन संध्याकाळी गेल्या. मग करड्या प्रायमरचा पातळ हात दिला. प्रायमर काही लपू देत नाही. बाजूच्या टाकीवर एक चौकट उमटली आणि तिच्यात कुणीतरी घासून काढलेल्या इंग्रजी अक्षरांचे उंचवटे. टॉर्च आडवा धरून वाचलं: 'कॅल्थ्रॉप'.

तेव्हा मी एका बाजूची चाकं मोजली. पुढे एक छोटं, मग तीन मोठी, मागे दोन छोटी. हे २-६-४ होतं. कॅल्थ्रॉपनंच पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची २ फूट ६ इंचांची लाइन केली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिची इंजिनंही किटसनचीच, आणि त्यातल्या एकाला त्याचंच नाव दिलेलं. त्या इंजिनाची कुणाची तरी थ्रीडी प्रिंटची फाइल घेऊन, नाव खरवडून, त्यानं ते बार्शीचं म्हणून मला विकलं होतं. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सवर टाकला, तर तो परदेशातल्या एका हौशी माणसाच्या मॉडेलचा निघाला. हे काम पैसे देण्याआधी करायला दोन मिनिटं लागली असती.

फोन केला. "डबा उघडलात, आता परत घेता येत नाही." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पार्सलवरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा, त्यांना काही ठाऊक नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण तीन आठवडे उलटून गेले होते आणि खातं रिकामं होतं. पैसे गेल्याचं कळताच फोन केला असता तर रक्कम अडवता आली असती, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. ग्राहक आयोगासाठी ऑनलाइन अर्ज भरायला बसलो, तर विक्रेत्याचं नाव-पत्ता मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

कुणी बार्शी लाइटचं 'ए' इंजिन विकत असेल तर आधी सरळ बाजूनं काढलेला फोटो मागा आणि मोठी चाकं मोजा, चार हवीत. चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ती इंजिनाशेजारी ठेवायला सांगा. दांडे पितळी आहेत म्हणाला, तर त्यावर कानस फिरवून कॅमेऱ्यात दाखवायला सांगा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला यात अडचण नसते.

ते प्रिंट मी फेकलं नाही. बॉयलरवरचा घुमट आणि दिवा कामाचे आहेत, ते कापून ठेवले. बाकी सगळं आता अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरिन प्लॅस्टिकच्या शीटमधून स्वतः कापतोय. गेल्या रविवारी चाकं धरणाऱ्या चौकटीची एक बाजू झाली, मोठ्या चाकांसाठी चार भोकं पाडलेली. दुसरं भोक पाव मिलिमीटर खाली गेलंय, ती बाजू पुन्हा कापणार आहे.