इनडोअर की आउटडोअर? ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा प्रत्यक्ष पाहायला जाणाऱ्यांसाठी

ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा एकदा तरी स्टेडियममध्ये बसून पाहायची असं ठरवलं की पहिला पेच हाच पडतो: मार्चमधली तीन दिवसांची इनडोअर गाठायची, की ऑगस्ट-सप्टेंबरमधली नऊ दिवसांची मोठी? माझं मत आधीच सांगून टाकतो. तिकीट काढून जाणार असाल तर इनडोअर, घरी टीव्हीसमोर बसणार असाल तर आउटडोअर.

एक अपवाद मात्र लगेच सांगायला हवा. मन भालाफेकीत गुंतलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. भाला, थाळी आणि हातोडा यांना छताखाली जागाच नसते, त्यामुळे नीरज चोप्रा तिथे दिसायचा नाही. स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) नसल्याने अविनाश साबळेही नाही. दहा हजार मीटर, मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यतीही बाहेरच होतात. आउटडोअरला ४९ प्रकार असतात, इनडोअरला साधारण त्याच्या निम्मे.

मग उरतं काय? उरतं ते सगळं हाताच्या अंतरावर. मोठ्या स्टेडियममध्ये १०० मीटरची सुरुवात एका टोकाला, लांब उडी दुसऱ्या बाजूला आणि तुम्ही तिसरीकडे. निम्मा वेळ नजर मोठ्या पडद्यावरच खिळलेली. इनडोअरला ६० मीटरचा सरळ पट्टा बहुतेक वेळा ट्रॅकच्या पोटातच आखलेला असतो, शेजारी बांबू उडीची गादी, पलीकडे गोळाफेकीची जाळी. बांबू उडी घेणारा खेळाडू कठड्यापाशी येतो, प्रशिक्षक वरून वाकून हाताने धावण्याचं माप दाखवतो, आणि हे सगळं चौथ्या-पाचव्या रांगेतून स्पष्ट दिसतं.

ट्रॅक २०० मीटरचा असल्याने वळणं फार आवळलेली असतात. पूर्ण वेगातला धावपटू त्यावर टिकावा म्हणून वळणावर ट्रॅक तिरपा उचललेला असतो, साधारण दहा अंश. कॅमेऱ्यात तो उतार सपाट वाटतो. समोर बसलं की बाहेरच्या लेनमधला माणूस अक्षरशः उंचावरून खाली उतरताना दिसतो. ट्रॅक बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर बसवतात. सहा जण एकदम वळणावर आले की त्या फळ्यांचा धडधडाट छताला आपटून परत येतो. टीव्हीवर हा आवाज पोहोचत नाही.

याची सगळ्यात जास्त मजा ४०० मीटरमध्ये. पहिली फेरी आपापल्या लेनमध्ये पळायची, मग सगळे आतल्या लेनवर झेपावतात. त्या क्षणी जो पुढे, त्याला गाठणं महाकठीण, कारण वळणावर ओलांडायचं तर जास्त अंतर कापावं लागतं. कोपरं लागतात, पायात पाय येतात. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमला पुरुषांच्या एका प्राथमिक शर्यतीत पाचच्या पाच धावपटू बाद झाले. एक चुकीच्या सुरुवातीमुळे आणि बाकीचे लेनची रेषा ओलांडल्यामुळे. पुढच्या फेरीत कोणीच नाही! ज्यांना स्वच्छ, लेनबद्ध ४०० मीटर हवी त्यांनी बाहेरच जावं. २०० मीटर तर आतल्या लेनवाल्यांवर इतकी अन्याय्य ठरत होती की २००४ च्या बुडापेस्टनंतर ती जागतिक इनडोअरमधून काढूनच टाकली. याच ट्रॅकवर विक्रमही होतात, बरं का: ग्लासगोला २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या फेम्के बोलने महिलांची ४०० मीटर ४९.१७ सेकंदांत मारली.

वेगाच्या शर्यतीत मात्र मी बाहेरच्या बाजूने. ६० मीटर म्हणजे सुरुवात आणि संपणं, साडेसहा सेकंदांत खेळ खलास. जेमतेम कमाल वेग गाठला की समोर गाद्या लावलेली भिंत. २०२४ च्या मार्चमध्ये इनडोअरच्या ६० मीटरला अमेरिकेच्या ख्रिश्चन कोलमनने ६.४१ सेकंदांत आपल्याच देशाच्या नोआ लाइल्सला (६.४४) हरवलं, ऑगस्टमध्ये पॅरिसला १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण लाइल्सचं, तेही सुरुवातीला मागे पडून. तो पाठलाग बघायला शेवटचे ४० मीटर लागतातच. उसेन बोल्ट तर जागतिक इनडोअरला कधी उतरलाच नाही. बर्लिनला २००९ मध्ये १०० मीटरच्या ९.५८ च्या धावेत त्याने ६० मीटरचा टप्पा ६.३१ मध्ये पार केला होता, आणि इनडोअरचा विक्रम ६.३४ आहे.

‘मोठी नावं इनडोअरला येत नाहीत’ ही तक्रार अर्धी खरी आहे. उन्हाळ्यासाठी शरीर राखायचं म्हणून काही जण हिवाळा सरळ सोडून देतात. पण उद्याची नावं तिथेच आधी दिसतात. ग्लासगोला सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने ६० मीटर जिंकली आणि डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडी. पाच महिन्यांनी, ३ ऑगस्टला, पॅरिसमध्ये एकाच संध्याकाळी दोघींनी आपापल्या देशाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, दोन्ही सुवर्ण. ज्यांनी मार्चमध्ये पाहिलं होतं त्यांना नवल वाटलं नसेल.

उड्यांमध्ये तर दर्जाची शंकाच नको. आत वारा नाही, पाऊस नाही, आणि २००० पासून छताखालची कामगिरीही विश्वविक्रम म्हणून धरता येते. बेलग्रेडला २०२२ मध्ये व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासची १५.७४ मीटरची तिहेरी उडी अशीच नोंदली गेली. त्याच स्पर्धेत स्वीडनच्या डुप्लांटिसने बांबू उडीत ६.२० मीटर पार केले. मात्र ६.३० साठी त्याने टोकियोचं मोठं मैदान निवडलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, त्यामुळे बाहेरच्यांनी नाराज व्हायचं कारण नाही.

आता तिकिटांचं. इनडोअर साधारणपणे सम वर्षी आणि आउटडोअर विषम वर्षी येते, म्हणजे दोन्हींत थेट टक्कर सहसा होत नाही. पण तारखांवर डोळे झाकून विसंबू नका: नानजिंगची २०२० ची इनडोअर पुढे ढकलत ढकलत २०२५ मध्ये झाली, युजीनची आउटडोअर २०२१ वरून २०२२ वर गेली. रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

इनडोअरला गेलात तर तिन्ही दिवसांचं तिकीट घ्या, सकाळच्या सत्रांसह. महिलांची पंचक्रीडा एकाच दिवसात उरकते: सकाळी अडथळ्यांची शर्यत, मग उंच उडी, गोळाफेक, लांब उडी आणि शेवटी ८०० मीटर. पाच प्रकारांत एकच खेळाडू कशी थकत आणि सावरत जाते हे सलग बघता येतं. बसायला ६० मीटरच्या शेवटाजवळची जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर वळणाच्या तोंडाशी.

आउटडोअरच ठरवलं असेल तर नऊही दिवसांच्या मागे लागू नका. वेळापत्रक आलं की १०० मीटरच्या अंतिम फेऱ्यांची संध्याकाळ, आपल्या आवडीच्या फेकीची संध्याकाळ आणि रिलेंचा शेवटचा दिवस एवढ्यांवर खूण करा. मॅरेथॉनला तिकीट लागत नाही, रस्त्याच्या कडेला लवकर जाऊन उभं राहायचं.